लिक्विड कूलर बसवायचाय? आधी उष्णता कुठे जाते ते बघा

एआयच्या डेटा सेंटरांमुळे ‘लिक्विड कूलिंग’ हा शब्द आता अर्थपानावरच्या बातम्यांतही दिसायला लागलाय. एनव्हिडियाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या जीबी२०० एनव्हीएल७२ या यंत्राच्या एकाच कपाटात ७२ ग्राफिक्स चिपा असतात. एवढ्या दाटीत नुसत्या पंख्याचं काही चालत नाही, म्हणून चिपांना टेकवलेल्या धातूच्या पट्ट्यांमधून द्रव फिरवला जातो. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही पाण्यावरच थंड राहतो.

घरच्या डेस्कटॉपमध्ये हेच तत्त्व बऱ्याच वर्षांपासून आहे. काचेचं कॅबिनेट, आत दोन काळ्या नळ्या आणि दिवे लुकलुकणारा गोल डबा असं चित्र गेमिंग करणाऱ्या पोरांच्या टेबलावर सर्रास दिसतं. व्हिडिओ एडिटिंग करणारे, थ्री-डी काम करणारे आर्किटेक्ट हेही आता तो कूलर मागतात. आणि विचारतात मात्र एकच: विजेच्या वस्तूत पाणी? ते गळलं तर? दर महिन्याला बदलायचं का? नागपूरच्या मे महिन्यात ते उकळणार नाही का?

या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. पाणी आहे म्हणजे ते ‘थंड’ करतं, असं आपण धरून चालतो.

## डब्यात काय असतं

बाजारात मिळणाऱ्या या कूलरला एआयओ म्हणतात, म्हणजे ऑल-इन-वन. कारखान्यातच द्रव भरून सील केलेला. त्यात प्रोसेसरवर टेकणारी तांब्याची पट्टी असते, तिला कोल्ड प्लेट म्हणतात. तिच्या आतल्या बाजूला केसांसारख्या बारीक खाचा असतात. बहुतेक मॉडेलांत तिच्या डोक्यावरच छोटा पंप बसवलेला असतो. पंपातून रबराच्या दोन नळ्या निघतात आणि ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला जाऊन मिळतात. रेडिएटरवर दोन किंवा तीन फॅन. बस्स, एवढंच.

आतला द्रव म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल. त्यात गंज रोखणारी आणि शेवाळ होऊ न देणारी रसायनं मिसळलेली असतात. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवले की ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं, आणि ही रसायनं नेमकं तेच थांबवतात. म्हणून हा कूलर उघडून त्यात बोअरचं सोडाच, फिल्टरचं पाणीसुद्धा ओतायचं नाही.

रेडिएटरचं माप फॅनवरून ठरतं. १२० मिलिमीटरचे दोन फॅन असले की २४०, तीन असले की ३६०. १४० मिलिमीटरच्या फॅनचे २८० आणि ४२०.

## पाणी नुसतं हमाल आहे

स्प्लेंडरचं इंजिन आठवा. बाहेरून त्याला धातूच्या पात्या असतात, गाडी पळाली की वारा त्यांवरून जातो आणि इंजिनाची उष्णता घेऊन जातो. आता चाकणला बनणारी केटीएम ड्यूक बघा. तिच्या पुढच्या चाकामागे जाळीदार रेडिएटर आहे आणि इंजिनाभोवती कूलंट फिरतं. दोन्ही गाड्यांची उष्णता शेवटी वाऱ्यातच जाते. फरक एवढाच की ड्यूकमध्ये ती आधी द्रवात चढते, पुढे मोठ्या जाळीपर्यंत जाते आणि मग वाऱ्याच्या हवाली होते. सिग्नलला गाडी उभी राहिली की ड्यूकचा पंखा घरघरायला लागतो, कारण वाराच नसेल तर कूलंटची उष्णता घेणार कोण?

डेस्कटॉपमध्ये साधा एअर कूलर म्हणजे स्प्लेंडर आणि एआयओ म्हणजे ड्यूक. पाणी उष्णता संपवत नाही, इथून उचलतं आणि तिथे टाकतं. आणि ‘तिथे’ म्हणजे तुमच्या खोलीतली हवा.

या हमालीसाठी पाणीच का, तर तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी साधारण साडेतीन हजार पट उष्णता धरून ठेवतं. पण ही क्षमताही अमर्याद नाही. एक साधा हिशेब करून बघा. पेलाभर म्हणजे २५० मिलिलिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे १,०५० ज्यूल लागतात. १५० वॉटचा प्रोसेसर सेकंदाला १५० ज्यूल उष्णता सोडतो, म्हणजे साधारण दर सात सेकंदांना एक अंश. फॅन बंद असतील तर ३० अंशांवरचं पेलाभर पाणी साडेतीन मिनिटांत ६० वर पोचेल. म्हणजे ‘पाणी आहे ना, मग काळजी कसली’ हे बोलणं साडेतीन मिनिटंच खरं. त्यानंतरची सगळी मदार रेडिएटर, फॅन आणि खोलीच्या हवेवर.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. हा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली कधीच नेऊ शकत नाही. खोली ४० अंशांवर असेल तर आतलं द्रव ४० च्या वरच राहणार. याचा एक फायदाही आहे. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जसे थेंब जमतात तसे या नळ्यांवर कधी जमत नाहीत, कारण त्या हवेपेक्षा गार होतच नाहीत. विदर्भात खोलीत डेझर्ट कूलर चालू असतो आणि हवा दमट असते, तिथले लोक हे आवर्जून विचारतात म्हणून सांगितलं. डेझर्ट कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर मात्र घेऊ नका.

## मग साधा कूलर का नको?

बहुतेकांना साधाच पुरतो, हे आधी सांगून टाकतो.

एएमडीचा रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॉटच्या आसपास वीज घेतो. इंटेलचा आय५-१२४०० टर्बोमध्ये, म्हणजे जास्तीत जास्त वेगाने धावताना, ११७ वॉटपर्यंत जातो. यांना चार-सहा हीटपाइपांचा (उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्यांचा) बरा एअर कूलर आरामात सांभाळतो, आणि तो एआयओच्या अर्ध्या-तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत येतो. शिवाय त्यात पंप नाही, म्हणजे बिघडायला फक्त फॅन, तोही बाजारात कुठेही मिळतो. नॉक्टुआचा २०१४ पासून नावाजलेला एनएच-डी१५ हा दोन फॅनचा दांडगा एअर कूलर तर कित्येक २४० च्या एआयओंना टक्कर देतो.

आय९-१४९००के मात्र २५३ वॉटपर्यंत, तर रायझन ९ ७९५०एक्स २३० वॉटपर्यंत जातो. तिथे ३६० च्या रेडिएटरला काम मिळतं. रेंडर, म्हणजे व्हिडिओ किंवा थ्री-डी चित्र तयार करण्याचं काम, तास-तासभर चालणार असेल तर आणखीच. दुसरं कारण जागेचं. एनएच-डी१५ ची उंची १६५ मिलिमीटर आहे, तो कित्येक कॅबिनेटांत मावत नाही आणि रॅमवरही आडवा येतो. गाडीतून पीसी हलवताना किलोभराचा धातू मदरबोर्डवर लोंबकळत नाही, हाही एआयओचा फायदा. आणि दिसायला छान असतो. त्यासाठी कुणी पैसे मोजत असेल तर मोजू द्या, फक्त त्याला ‘परफॉर्मन्स’ म्हणू नका.

## टेप घ्या, मग लॅमिंग्टन रोडला जा

दुकानात ‘सर, सगळ्यात बसतो’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. सगळ्यात बसत नाही.

कॅबिनेटच्या माहितीपत्रकात वरच्या बाजूला किती मापाचा रेडिएटर बसतो आणि पुढच्या बाजूला किती, हे वेगवेगळं दिलेलं असतं. दोन्ही बघा. साधारण रेडिएटर २७ मिलिमीटर जाड, त्याखाली फॅन २५ मिलिमीटर, म्हणजे छतापासून सव्वापाच सेंटिमीटर जागा गेली. तिथे मदरबोर्डचे हीटसिंक किंवा उंच कंगोऱ्यांची रॅम आली की अडलं. काही कंपन्यांचे रेडिएटर ३८ मिलिमीटर जाड असतात, त्यांचं गणित आणखी वेगळं.

सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा, हेही बघून घ्या. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचं सॉकेट एलजीए१७००, त्यापुढच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेचं १८५१. एएमडीकडे जुनं एएम४ आणि २०२२ पासूनचं एएम५. कूलरच्या खोक्यावर तुमच्या सॉकेटचं नाव छापलेलं हवं.

## बुडबुड्याची गोष्ट

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबू.

कूलर सील केलेला असला तरी आत थोडी हवा असतेच. नवीन असताना कमी, वर्षं जातात तशी जास्त, कारण नळ्यांच्या रबरातून पाण्याचे रेणू अगदी संथपणे बाहेर झिरपत राहतात. ही गळती नव्हे, थेंब कधी दिसत नाही, पण पाचेक वर्षांत पाणी थोडं कमी झालेलं असतं. हवा हलकी, ती पूर्ण वर्तुळातल्या सर्वांत उंच जागी जाऊन बसते. त्या उंच जागी पंप असेल तर पंप पाण्याऐवजी हवा घुसळायला लागतो. आधी गुळगुळ असा आवाज येतो, मग तापमान चढतं आणि शेवटी पंप मरतो.

म्हणून नियम एवढाच पाळायचा की रेडिएटरचा काही ना काही भाग पंपापेक्षा वर असला पाहिजे.

रेडिएटर छताला लावला की प्रश्नच मिटला. पुढच्या बाजूला उभा लावायचा असेल तर त्याचं वरचं टोक पंपाच्या वर आलंय ना ते बघा. नळ्या खालच्या बाजूला आल्या तर उत्तम, कारण हवा वरच्या टोकात अडकून पडते आणि नळ्यांच्या तोंडाशी येत नाही. नळ्यांची लांबी पुरली नाही तर वरून घेतल्या तरी चालतं, फार तर सुरुवातीला जरा खळखळ ऐकू येईल. कॅबिनेटच्या तळाला रेडिएटर आणि वर पंप, हे मात्र करायचं नाही. कॅबिनेटची रचना कितीही देखणी असली तरी.

छताला की पुढे, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पुढे लावला तर रेडिएटरला बाहेरची ताजी हवा मिळते, प्रोसेसर दोन-चार अंश गार राहतो, पण ती तापलेली हवा ग्राफिक्स कार्डच्या वाट्याला येते. छताला लावला तर उलट. गेमिंगमध्ये ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरपेक्षा कितीतरी जास्त उष्णता ओकतं, म्हणून मी छताच्या बाजूने आहे. पुढचे फॅन हवा आत ओढतात, मागचा आणि छतावरचे बाहेर टाकतात, वाट सरळ राहते. फॅनची दिशा ओळखायला सोपी खूण आहे: ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या प्लास्टिकच्या काड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

## स्क्रू, फिल्म आणि पेस्ट

खोक्यात स्क्रूंच्या दोन पिशव्या असतात. लांब स्क्रू फॅनमधून आरपार जाऊन रेडिएटरला धरतात, आखूड स्क्रू कॅबिनेटच्या पत्र्यातून थेट रेडिएटरला. आखूडच्या जागी लांब लावला तर तो आतल्या पाण्याच्या नळीला भोक पाडू शकतो. नवा कूलर बसवताबसवताच गळू लागला तर आधी हे तपासावं.

जुना कूलर काढताना एएम४ वाल्यांनी खास काळजी घ्यायची. तिथे प्रोसेसरच्याच अंगाला पिना असतात, आणि प्रोसेसर व कूलरच्या मधली वाळलेली पेस्ट एवढी चिकटते की कूलर ओढला की प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी पीसीवर दहा मिनिटं काहीतरी जड चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून प्लग काढा आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. एएम४ ची मागची पट्टी स्क्रू काढताच खाली पडते, तिला मागून हात द्या. एएम५ ची जागेवरच राहते.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पूर्ण पुसा. नव्या कूलरला पेस्ट आधीच लावलेली असेल तर त्यावर आणखी लावायची नाही. नसेल तर प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढी पुरे. मोठ्या आयताकृती इंटेल प्रोसेसरवर फुलीसारख्या दोन पातळ रेषा ओढल्या तर कोपऱ्यांपर्यंत नीट पसरते. पेस्टचं काम दोन धातूंमधल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या खड्ड्यांतली हवा हुसकावणं, इतकंच. जास्त लावली म्हणून जास्त गार होत नाही.

आणि ती फिल्म! कोल्ड प्लेटवर पारदर्शक प्लास्टिकची पातळ फिल्म असते, त्यावर बहुधा ‘काढून टाका’ अशी सूचनाही छापलेली असते. तरी ती तशीच ठेवून कूलर आवळणारे थोडेथोडके नाहीत. अनुभवी असेंबलरसुद्धा घाईत विसरतात.

आवळताना एक स्क्रू पूर्ण, मग दुसरा, असं करू नका. समोरासमोरचे स्क्रू दोन-दोन फेरे फिरवत पुढे जा, म्हणजे पट्टी एका बाजूला कलत नाही. स्क्रूचे आटे संपून तो आपसूक थांबला की थांबा. जोर लावणं हे काम नाही.

## वायरी

पंपाची वायर मदरबोर्डवर ‘एआयओ पंप’ असं लिहिलेल्या जागी, रेडिएटरच्या फॅनची ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागी. ‘सीपीयू फॅन’ ची जागा रिकामी राहिली तर बरेच मदरबोर्ड चालू होतानाच एरर दाखवून थांबतात. घाबरू नका, काही जळलेलं नसतं. काही कूलरना एसएमपीएसमधून (पीसीला वीज देणाऱ्या डब्यातून) साटा केबलने वीज लागते आणि सॉफ्टवेअरसाठी मदरबोर्डवरच्या यूएसबीची वायर. ती साटा केबल राहिली की पंप ढिम्म.

बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, पंप पूर्ण वेगावर ठेवा. फॅन तापमानाप्रमाणे कमीजास्त झाले तर हरकत नाही, पण पंपालाही तोच नियम लागू झाला की मशीन शांत बसलेलं असताना तो नको इतका मंदावतो.

दिव्यांच्या वायरीत एक सापळा आहे. तीन पिनांची वायर ५ व्होल्टची, चार पिनांची १२ व्होल्टची. ५ व्होल्टचे दिवे जोर करून १२ व्होल्टच्या जागी खुपसले की कायमचे जातात.

## चाचणी: दोन वेगाने चढणारं तापमान

बसवून झाल्यावर लगेच गेम सुरू करायचा मोह आवरा. आधी बायॉसमध्ये जा आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. पंपाचा वेग दिसतोय का? बहुतेक पंप मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांच्या घरात असतात. शून्य दिसलं तर बंद करा, वायर बघा. तापमान खोलीपेक्षा दहा-वीस अंशांनी वर जाऊन तिथेच रेंगाळलं तर ठीक. बायॉसमध्येच ते डोळ्यांदेखत ७०, ८०, ९० असं चढायला लागलं तर फिल्म, पेस्ट किंवा पंप यांपैकी एकाचा घोळ आहे. सुरुवातीची काही मिनिटं खळखळ ऐकू आली तर बुडबुडे आपली जागा शोधतायत असं समजा.

विंडोज सुरू झाल्यावर एचडब्ल्यूइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडा. त्यात प्रोसेसरचं तापमान, तो घेत असलेले वॉट आणि गाभ्यांचा (कोअरचा) वेग, असे तीनच आकडे बघायचे. मग प्रोसेसरवर भार टाकणारं सिनेबेंच आर२३ अर्ध्या तासाच्या चाचणीवर लावा, आणि मशीन रेंडरसाठी असेल तर तसंच ओसीसीटीही अर्धा तास. प्राइम९५ या तशाच सॉफ्टवेअरमधला ‘स्मॉल एफएफटी’ हा प्रकार प्रोसेसरला पिळून काढतो. रोजच्या कामात तेवढा ताण कधी येत नाही, तेव्हा तिथले आकडे बघून झोप उडवून घेऊ नका.

आता नीट बघा. चाचणी सुरू होताच तापमान एक-दोन सेकंदांत वीस-तीस अंशांनी उडी मारतं. ही उडी चिप, तिच्यावरचं धातूचं झाकण, पेस्ट आणि कोल्ड प्लेट यांच्यातली. उष्णता पाण्यापर्यंत पोचायला जो अडथळा आहे, तो या उडीत दिसतो. त्यानंतर पुढची पंधरा-वीस मिनिटं तापमान हळूहळू चढतं आणि एका जागी टेकतं. ही चढण पाण्याची. ते तापत जातं, रेडिएटर ती उष्णता बाहेर टाकत जातो, आणि येणारी व जाणारी उष्णता सारखी झाली की आकडा स्थिरावतो.

या दोन चढणी वेगळ्या ओळखता आल्या की बिघाड कुठे आहे ते बसल्या जागी कळतं. पहिल्याच दोन सेकंदांत आकडा प्रोसेसरच्या कमाल तापमानाला भिडला, तर दोष प्रोसेसर आणि कूलरच्या सांध्यात: फिल्म, पेस्ट, तिरका स्क्रू किंवा बंद पंप. उडी ठीकठाक, पण नंतर अर्धा तास झाला तरी आकडा चढतोच आहे, तर दोष रेडिएटरच्या बाजूला: फॅन उलटे लागलेत, धूळ आहे, किंवा कॅबिनेटमध्ये हवा यायलाच वाट नाही. हीच चाचणी तीन मिनिटांत उरकून ‘मस्त आहे’ म्हणणाऱ्याने पाणी तापायच्या आतच मोजणी थांबवलेली असते. एआयओच्या बाबतीत तर ही शुद्ध फसगत.

हातानेही एक खूण मिळते. भार चालू असताना दोन्ही नळ्यांना हात लावा. दोन्ही साधारण सारख्याच कोमट लागल्या तर पाणी फिरतंय. एक चटका देणारी आणि दुसरी गार असेल तर पंप बंद पडलाय किंवा वाट तुंबली आहे.

आणखी एक आकडा कागदावर लिहा, तो म्हणजे खोलीचं तापमान. २२ अंशांच्या एसी खोलीत कुणाचा प्रोसेसर ७२ दाखवतो आणि ४० अंशांच्या खोलीत तुमचा ९० दाखवतो, तर तुमचा कूलर वाईट नाही. त्याचा फरक ५०, तुमचाही ५०. परदेशातल्या यूट्यूबवाल्यांचे आकडे बघून दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी ही वजाबाकी करा. डिसेंबरात बसवलेल्या मशीनची मे महिन्यात परत एकदा चाचणी घ्या, तेही याच कारणासाठी.

## ९५ दिसलं म्हणजे गेलं का?

नाही. रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंश आहे आणि पूर्ण भार पडला की थेट तिथे जाऊन काम करण्यासाठीच एएमडीने ते बनवले आहेत. चांगला कूलर लावला तर ७९५०एक्स ९५ च्या खाली येईलच असं नाही, तो त्याच ९५ वर जास्त वेगाने धावतो. म्हणून वर गाभ्यांचा वेगही बघायला सांगितलं. ७८००एक्स३डी ची मर्यादा ८९ आहे. आय९-१४९००के ची १००.

मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, त्याला थ्रॉटलिंग म्हणतात. जळण्याची भीती नसते, पण पैसे पूर्ण वेगाचे मोजलेत आणि मिळतोय कमी, एवढं नुकसान आहेच.

कूलर मोठा घेतला तरी काही अंश हटत नाहीत, याचं कारण चिपच्या आकारात आहे. रायझन ७००० मधल्या गाभ्यांच्या एका चिपचं क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मिलिमीटर. बोटाच्या नखापेक्षाही लहान जागेतून शंभरएक वॉट बाहेर पडायचे, तर पाण्यापर्यंत पोचायच्या आधीच तिथे दाटी होते. त्या पुढे ३६० चा रेडिएटर असो की ४२० चा. अशा वेळी बायॉसमध्ये विजेची मर्यादा थोडी खाली आणणं हा फुकटचा आणि जास्त परिणामकारक उपाय. तापमान भरपूर उतरतं, वेग किंचितच. काही मदरबोर्ड मूळ सेटिंगमध्येच इंटेलच्या प्रोसेसरला वाट्टेल तेवढी वीज घेऊ देतात, तेही तिथेच कळतं.

तेराव्या-चौदाव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर गेममध्ये अचानक बंद पडतात म्हणून कुणी कूलर बदलायला निघालं असेल तर आधी बायॉस अपडेट करा. तिथला दोष जादा व्होल्टेजचा होता आणि इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडचा (बायॉसमधून प्रोसेसरला मिळणाऱ्या आतल्या सूचनांचा) उपाय दिला. आधीच झिजलेला प्रोसेसर मात्र त्याने सुधारत नाही, तो वॉरंटीतच बदलून घ्यावा लागतो.

## गळलं तर? लाइट गेली तर?

भीती अगदीच हवेतली नाही. ॲपलने २००४ मध्ये पॉवर मॅक जी५ ला लिक्विड कूलिंग दिलं होतं आणि त्या यंत्रांपैकी काही पुढे गळलीही. आजचे सीलबंद कूलर त्यापेक्षा खूप सुधारलेत, गळण्याचं प्रमाण कमी आहे, पण शून्य नाही. द्रव ताजा असताना वीज फारशी वाहून नेत नाही, मात्र धूळ आणि क्षार मिसळले की नेतो, त्यामुळे ‘नॉन-कंडक्टिव्ह’ या छापील शब्दावर विसंबून राहू नका. बसवल्यावर नळ्यांच्या चारही सांध्यांवर कोरडा टिश्यू टेकवून बघा, आणि चाचणीनंतर परत. काही कंपन्या गळतीने इतर भागांचं झालेलं नुकसान भरून देतात, काही फक्त कूलर बदलून देतात. खरेदीआधी ती अट वाचून घ्या.

लाइट गेली तर पंप थांबतो, पण प्रोसेसरही त्याच क्षणी थांबतो, त्यामुळे उष्णता तयार होणंच बंद. काही होत नाही. चालू मशीनमध्ये एकटा पंप बंद पडला तरी प्रोसेसर आधी वेग कमी करतो आणि मग स्वतःला बंद करून घेतो.

पाणी बदलायचं नसतं, घालायचं नसतं. करायचं काम फक्त रेडिएटरची धूळ काढणं, रस्त्यालगतचं घर असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. पाच-सात वर्षं हे एआयओचं साधारण आयुष्य. पंपाचा आवाज बदलला किंवा त्याच खोलीत, त्याच भाराला खोली आणि प्रोसेसरमधला फरक दहाएक अंशांनी वाढला आणि धूळ काढूनही उतरला नाही, तर त्याची वेळ भरत आली.

वॉरंटी मॉडेलप्रमाणे तीनपासून सहा वर्षांपर्यंत असते आणि दावा करताना बिल व सिरियल नंबर दोन्ही मागतात. ते स्टिकर अनेकदा रेडिएटरच्या अशा बाजूला असतं की बसवल्यावर कॅबिनेट उघडल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा स्क्रू आवळण्याआधी त्याचा एक फोटो काढून बिलाच्या फोटोशेजारी ठेवा.